साठ वर्षं व्रतात काढलेल्या सिस्टरना द्यायचं तरी काय?

खाडीकाठ | ४ फेब्रुवारी, रात्री ९.४०

मंडळी, नेहमीसारखी पाककृती नाही. सल्ला हवाय, आणि जरा घाईनं हवाय, कारण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चांदीच्या ताटांची ऑर्डर जायच्या बेतात आहे.

आमची शाळा वेंगुर्ल्याच्या अलीकडे. सिस्टर लोकांनी चालवलेली, मराठी माध्यमाची. आमची दहावीची बॅच १९८७ ची. यंदा आमच्या मराठीच्या सिस्टरच्या व्रतग्रहणाला ६० वर्षं होतायत. त्याच कॉन्व्हेंटात दवाखाना बघणाऱ्या सिस्टरना ५०. आणि तेव्हा चर्चला जे फादर होते त्यांच्या गुरुदीक्षेलाही ५०. मधल्या काळात तिघं कुठं कुठं बदलून गेले होते, आता म्हातारपणी पुन्हा याच तालुक्यात आलेत. असा योग परत यायचा नाही, म्हणून सत्कार ठरला. वर्गणी चाळीस हजार जमली आहे.

यादी नेहमीचीच. शाल, श्रीफळ, मानपत्र, ॲक्रिलिकचं स्मृतिचिन्ह, आणि मुंबईकरांचा आग्रह म्हणून प्रत्येकी एक चांदीचं ताट. मी म्हटलं, आधी जाऊन अंदाज घेऊ. आंबोळ्यांचा डबा घेऊन कॉन्व्हेंटात गेले.

मराठीच्या सिस्टर आता ब्याऐंशीच्या. ऐकू फार कमी येतं, डोळे मात्र शाबूत. खोलीत लोखंडी खाट, टेबल, खुर्ची, भिंतीवर क्रूस. खाटेखाली एक सुटकेस. मी आडून आडून विचारलं, "सिस्टर, तुम्हाला काही हवंय का?" दोनदा विचारावं लागलं. त्यांनी खाटेखाली बोट दाखवलं. "त्यात मावेल ते." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि त्यात आता जागा नाही."

शालीचं काढलं तर हसायला लागल्या. शिक्षक दिन, निरोप समारंभ, महिला दिन, आजवरच्या सगळ्या शाली वाटून झाल्या आहेत. शेवटची कॉन्व्हेंटात भाकऱ्या करायला येणाऱ्या बाईंच्या सुनेच्या बाळंतपणात गेली.

म्हणजे ज्या बाईनं आपलं म्हणून काही ठेवायचं नाही असं व्रत घेतलंय, तिला द्यायचं काय?

थोडं त्यांच्याविषयी, म्हणजे माझी तगमग कळेल. सिस्टर मूळच्या मंगळूरच्या. १९६९ च्या जूनमध्ये भर पावसात एसटीतून उतरल्या तेव्हा मराठीचा गंध नव्हता. कोकणी यायची, पण ती कानडी लिपीत लिहायची सवय. देवनागरी अक्षर न् अक्षर नवं. बालभारतीचं पहिलीचं पुस्तक घेऊन त्या पहिलीच्याच वर्गात मागच्या बाकावर बसायच्या, असं आमच्या आधीची मुलं सांगतात. आम्ही आठवीत गेलो तेव्हा त्याच बाई आम्हाला समास आणि वृत्तं शिकवत होत्या. वही परत आली की लाल शाईनं भरलेली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की तो शब्द दहा वेळा.

दवाखान्याच्या सिस्टर अगदी वेगळ्या, बोलणं कमी. व्हरांड्यातच दवाखाना. स्टोव्हवर स्टीलची चपटी डबी ठेवून काचेच्या सिरिंज उकळायच्या, आणि चिमट्यानं एकेक उचलून पांढऱ्या फडक्यावर मांडायच्या. तो खळखळ आवाज ऐकला की आम्ही पोरं पळून जायचो. कुणाला फुरसं चावलं की माणूस आधी त्यांच्याकडं यायचा. त्या त्याला हलू द्यायच्या नाहीत, मांत्रिकाकडं निघालेल्या नातेवाइकांवर ओरडायच्या, आणि रस्त्यावर उभं राहून मिळेल तो ट्रक थांबवून सरकारी दवाखान्यात पाठवायच्या. माझा धाकटा भाऊ त्यांच्याच हातावर झाला, गणपतीत, कंदिलाच्या उजेडात.

आणि फादर. पांढरा झगा आवरून लुनावर बसलेले फादर ज्यानं पाहिलेत त्याला मी काय सांगू. वाडीवाडीतल्या बायकांची मुंबईच्या नवऱ्यांना पत्रं तेच लिहायचे. कोणाच्या घरी काय चाललंय हे पोस्टमनच्या आधी त्यांना माहीत. एकदाही कुणाचं काही बाहेर गेलं नाही.

सुचवा.


चाकरमानी_७२ | ४ फेब्रुवारी, रात्री १०.१५

आमच्या बॅचनं सरांना वॉशिंग मशीन दिलं होतं. सर खूश, बाई जास्त खूश. कॉन्व्हेंटला इन्व्हर्टर द्या की. तुमच्याकडं वीज तशीही पाहुण्यासारखी येते.


वसईवाला | ५ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

खाडीकाठ, चांदीची ताटं आधी थांबवा. ती सिस्टरकडून सुपीरिअरकडं, म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रमुखांकडं, आणि सुपीरिअरकडून कपाटात जातील, आणि ते कपाट कोणी उघडणार नाही.

आमच्या घरात एक काका फादर आणि दोन आत्या सिस्टर, त्यामुळं हे सगळं मी माजघरातून पाहिलंय. फादर आणि सिस्टर यांची व्रतं एकच असतात असं बाहेरच्यांना वाटतं, तसं नाही. सिस्टर तीन व्रतं घेतात: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. जेज्वीट, फ्रान्सिस्कन अशा संघांचे फादरही तीच घेतात. पण गावच्या चर्चला असतात ते बहुतेक धर्मप्रांताचे धर्मगुरू. ते ब्रह्मचर्याचं आणि महागुरुस्वामींच्या, म्हणजे बिशपच्या, आज्ञेत राहायचं वचन देतात. दारिद्र्याचं व्रत त्यांना नसतं. साधं राहावं ही अपेक्षा, पण नावावर बँक खातं असू शकतं, भावानं दिलेली स्कूटर असू शकते. थोडक्यात, फादरना पेन दिलंत तर ते फादरचं. सिस्टरना दिलंत तर ते कॉन्व्हेंटचं.

वर्षं मोजायची रीतही वेगळी. फादरची गुरुदीक्षेपासून, सिस्टरची पहिल्या व्रतग्रहणापासून. त्याआधीची उमेदवारी धरत नाहीत. म्हणजे तुमच्या सिस्टरना घर सोडून साठाच्या वर झाली. पत्रिका छापताना 'सेवेची साठ वर्षे' म्हणू नका. नोकरीतून निवृत्त झाल्यासारखं वाटतं. त्या अजून त्यातच आहेत.

एक सांगतो. थोरल्या आत्याचा सुवर्णमहोत्सव झाला तेव्हा आम्ही घरचे सगळे पाकिटं घेऊन गेलो. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी ती टेबलाशी बसली, एकेक पाकीट फोडलं, वहीत नाव आणि रक्कम लिहिली, आणि वही-पैसे दोन्ही सुपीरिअरच्या हातात दिले. ठेवलं एकच. माझ्या पाच वर्षांच्या मुलीनं मेणखडूनं काढलेलं कार्ड. त्यात आत्याला मिशा होत्या.

दुसरं, जरा बोचरं. वसईत फादरचा महोत्सव म्हणजे नाक्यावर बॅनर, ब्रास बँड, मांडव, जेवायला फुगे नावाचे तळलेले पाव आणि मांसाचं इंदेल, दोन हजार पान. आत्याच्या महोत्सवाला कॉन्व्हेंटच्या चॅपेलात मिस्सा (चर्चची मुख्य प्रार्थना) आणि चाळीस माणसांचं जेवण. तेवढीच वर्षं, तेवढंच घरदार सोडलेलं. काका स्वतः हे बोलून दाखवायचे. तुम्ही तिघांना एका व्यासपीठावर आणताय, तेव्हा खुर्च्या सारख्या ठेवा. फादरना मध्ये बसवायची सवय आपोआप हाताला लागलेली असते.

तारखेचं म्हणाल तर २ फेब्रुवारी हा चर्चमध्ये समर्पित जीवनाचा दिवस, पोप योहान पॉल दुसरे यांनी १९९७ पासून सुरू केलेला. तो परवाच गेला. ४ ऑगस्टला संत जॉन व्हियानी यांचा सण, ते गावोगावच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते. त्या दिवशी आमच्याकडं फादरना शुभेच्छा देतात.


बांगडा_फ्राय | ५ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

४ ऑगस्ट? त्या दिसांत कॉन्व्हेंटाच्या वाटेर घोट्याभर पानी आसता. चाकरमानी येतले ते गणपतीक नायतर मे म्हयन्यात. मे म्हयन्यात करा, आंबेय खावक गावतले.

आणि वसईवाल्यानु, आमच्याकडेय तसाच. फेस्ताक पाद्रीक मान, खाज्याच्या दुकानाक गर्दी, आणि सिस्टरींका कोण इचारूक नाय.


कटू_कारलं | ५ फेब्रुवारी, दुपारी १.२०

सत्कार करा, जरूर करा. पण या धाग्यावर सगळंच साखरेत घोळवलेलं दिसतंय म्हणून लिहितो.

मी अशाच एका शाळेत होतो, इंग्रजी माध्यमाच्या. गाव सांगत नाही. मधल्या सुट्टीत मराठी बोललो की चार आणे दंड. गळ्यात पाटी घालून व्हरांड्यात उभं करायचे. आईनं डब्यात दिलेल्या पैशांचा मी रोज हिशेब करायचो, आज किती वाक्यं परवडतील. वेत खाल्ले ते वेगळेच. आज पन्नाशी उलटली तरी पांढरा झगा समोरून आला की माझा हात आपोआप पाठीमागं जातो. त्या सिस्टरचाही कुठंतरी सुवर्णमहोत्सव झालाच असेल.


खाडीकाठ | ५ फेब्रुवारी, रात्री ९.००

कारलं, तुमचं लिहिणं मी ग्रुपवर टाकलं, नाव न घेता. दोघांनी लगेच 'आमचंही' म्हणून हात वर केला.

आमच्या मराठीच्या सिस्टरनीही पट्टी चालवली आहे. माझ्या हातावर दोनदा. एकदा माझी चूक नसताना, शेजारणीची कॉपी मी केली असं समजून. मी हे विसरलेले नाही आणि मानपत्रात लिहिणारही नाही. भाषणाला उठले तर त्यांच्यासमोर सांगेन बहुतेक. त्यांना ऐकू येईल की नाही हा वेगळा प्रश्न.


सरळसोट | ५ फेब्रुवारी, रात्री ९.३५

इतकी वर्षं हे लोक आपल्या मुलुखात फुकट कशासाठी राबले, हा प्रश्न कुणी विचारणार आहे का?


खाडीकाठ | ५ फेब्रुवारी, रात्री १०.०५

विचारा की. आमच्या वर्गात ख्रिस्ती मुलं चार होती, ती जन्मानंच ख्रिस्ती. बाकी आम्ही सगळे गणपतीवाले. मी 'आमच्या घरचा गणपती' असा निबंध लिहिला होता सहामाहीला. सिस्टरनी वीसपैकी तेरा दिले आणि समासात लाल शाईनं लिहिलं: "विसर्जन कधी? राहून गेले." वही अजून आहे माझ्याकडं.


पेन्शनर | ५ फेब्रुवारी, रात्री १०.५०

'फुकट' या शब्दाबद्दल. मी शिक्षण खात्याच्या हिशेबाच्या कामात पस्तीस वर्षं काढली, म्हणून अधिकारानं सांगतो. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरना पगार शासनाचा असतो, बाजूच्या शिक्षकाइतकाच. तो त्या घरी नेत नाहीत, त्यांच्या संघाकडं जातो. पगारपत्रकावर बाकीचे मास्तर आकडा तीनदा बघून सही करायचे. सिस्टर सहीच्या जागेपलीकडं काही बघायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, वेतनवाढ लागलीय. त्या म्हणाल्या, "बरं," आणि विचारलं, सातवीच्या खोलीचं कौलं बदलायचं बिल कधी निघणार?

या पगारावर आयकर कापायचा की नाही यावर मोठा खटला चालला. ब्रिटिश काळापासून, १९४४ च्या परिपत्रकापासून, धर्मसंघांना सवलत होती. पुढं आयकर खात्यानं कर कापायला सांगितलं, तमिळनाडू आणि केरळातून प्रकरण वर गेलं. संघांचं म्हणणं असं, की दारिद्र्याचं व्रत घेतलेली व्यक्ती चर्चच्या कायद्यात मालमत्तेपुरती मृत असते, मग पगार तिचा कसा? सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२४ ला ते मानलं नाही. पगार व्यक्तीच्या नावे निघतो ना, मग कर कापा. पुढं ती तो कुणाला देते हा तिचा प्रश्न. माझ्या मते निकाल बरोबर आहे. पण 'मालमत्तेपुरती मृत' हे वाचल्यावर मला पगारपत्रकावरची ती सही आठवली.


संपादक मंडळ | ५ फेब्रुवारी, रात्री ११.१०

धर्मांतरावर चर्चा करायची असल्यास वेगळा धागा काढावा. दोन प्रतिसाद उडवले आहेत.


सुरंगी | ६ फेब्रुवारी, सकाळी ११.००

पेन्शनरकाका, कौलांचं वाचून हसले.

मला वेगळंच सुचतंय. आपण मराठी लोकांनी फादरांचा मान केलेला आहे, नाही असं नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो धाराशिवच्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, जानेवारी २०२० मध्ये. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवडीला विरोधही झाला होता, तो आपण सगळ्यांनी पाहिला. 'सुवार्ता' मासिकाचं संपादन, 'सुबोध बायबल', वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी दिलेला लढा, सगळं मराठीतून. २५ जुलै २०२४ ला ते गेले तेव्हा वसईच काय, पुण्यातले लोकही हळहळले. त्याआधी चारशे वर्षं फादर स्टीफन्स. इंग्लंडातून १५७९ मध्ये गोव्यात आलेला माणूस इथली भाषा शिकतो आणि हजारो ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहितो. ते १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलं. त्यांचं कोकणीचं व्याकरण तर ते गेल्यावर, १६४० मध्ये निघालं.

पण बघा, हा मान त्यांनी लिहिलं म्हणून मिळाला. खाडीकाठच्या सिस्टरनी स्टीफन्ससारखीच परकी भाषा अ-आ-इपासून गिरवली आणि पुढं गावच्या पोरांना तीच शिकवली. त्यांचं लेखन म्हणजे आमच्या वह्यांच्या समासातली लाल शाई. ती रद्दीत गेली.

कोकणातल्या एखाद्या सिस्टरचं नाव, जे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, सांगा बघू कुणी.


चाकरमानी_७२ | ६ फेब्रुवारी, दुपारी १२.१०

मदर तेरेसा.


सुरंगी | ६ फेब्रुवारी, दुपारी १२.१४

कोकणातल्या म्हटलं मी.


कोर्लईकर | ६ फेब्रुवारी, रात्री ८.२०

सिस्टर राहू द्या, ब्रदर कुणाला आठवतात? संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेले, १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाले. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत. आणि ते फादर नव्हते, फ्रान्सिस्कन संघाचे साधे ब्रदर होते. कालच त्यांचा हौतात्म्यदिन होता, आणि इथं कुणाला आठवण नाही. वसईवाल्यांनाही नाही!

आमच्या कोर्लईत आजी अजून आमच्या पोर्तुगीज-मिश्रित बोलीत प्रार्थना करते. किल्ल्याच्या पायथ्याची आमची ती बोली, जगात दुसरीकडं कुठं नाही. नवे फादर आले की आठ दिवसांत तिच्याकडून चार शब्द शिकतात आणि चुकीचे बोलतात. ती त्यांना मिस्सा संपल्यावर दारातच दुरुस्त करते. आजीच्या मते हाच त्यांचा सत्कार.


वसईवाला | ६ फेब्रुवारी, रात्री ८.४५

कोर्लईकर, मान खाली. सकाळी मिस्साला गेलो होतो, पण इथं लिहायचं राहिलं.


लाल_लुगडं | ७ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

बायांनो आणि बाबांनो, कामाचं बोला. साधी गोष्ट आहे. खाडीकाठ स्वतःच लिहून बसलीय आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सिस्टरना ऐकू येत नाही! दोनदा विचारावं लागलं म्हणते. मग चांगलं कानाचं यंत्र द्या. वस्तू सिस्टरची होते की कॉन्व्हेंटची हा वाद नको, कान तर त्यांचाच. चाळीस हजारांत दोन्ही कानांचं बसणार नाही कदाचित, भर घाला.

मात्र आधी सुपीरिअरना विचारा. परस्पर नेऊन दिलंत तर म्हातारीची पंचाईत होते, 'माझ्यासाठी मागून घेतलं' असं दिसतं. माझी बहीण सिस्टर आहे. तिला आम्ही न विचारता मोबाईल दिला होता, तिनं सहा महिने तो कपाटात ठेवला.

उरलेले पैसे त्यांच्या संघाच्या म्हाताऱ्या सिस्टरांच्या घराला द्या. नव्या मुली येईनाशा झाल्यात, आणि जुन्या सगळ्या एकदमच म्हाताऱ्या झाल्यात. रात्रीची आया, डायपर, वॉकर, औषधं. ज्यांनी दुसऱ्यांची बाळंतपणं काढली त्यांची उठबस करायला आता माणूस लावावं लागतं. त्याचं कुणी पाटीवर नाव घालत नाही म्हणून त्याला देणगी येत नाही.


खाडीकाठ | ७ फेब्रुवारी, रात्री ९.१०

लाल_लुगडं, साष्टांग नमस्कार. माझ्याच नाकासमोर होतं.


खाडीकाठ | २१ मार्च, संध्याकाळी ६.१५

प्रगती सांगते. सुपीरिअर वयानं माझ्याहून लहान निघाल्या, झारखंडच्या आहेत, मराठी शिकतायत. कुणाकडून ते सांगायला नको. यंत्राचं ऐकून त्या खूशच झाल्या. तपासणीला सिस्टरना कुडाळला मीच घेऊन गेले. तंत्रज्ञ मुलानं कानात यंत्र बसवून विचारलं, "आज्जी, ऐकू येतंय?" सिस्टर म्हणाल्या, "येतंय. 'आजी'त एकच ज." मुलगा बिचारा ओशाळला.

बाहेर आल्यावर रिक्षा स्टँडवर पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. कावळे ओरडत होते. म्हणाल्या, हे इतके मोठ्यानं ओरडतात हे विसरले होते.

मुंबईच्या एकानं उरलेल्या पैशांतून संगमरवरी पाटी सुचवली होती, देणगीदारांच्या नावांसह. ती गाडली. तारीख मेमधली ठरवली, पहिल्या आठवड्यातली, कारण नंतर त्यांची वार्षिक तपसाधना असते आणि जूनच्या आत बदल्यांची पत्रं येतात. दवाखान्याच्या सिस्टर पुन्हा कुठं जातील सांगता येत नाही. पंचाहत्तरीला बदली! आज्ञापालन म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, या वयात? त्या म्हणाल्या, "सुटकेस हलकी आहे."


वसईवाला | २१ मार्च, रात्री ९.००

खुर्च्या?


खाडीकाठ | २१ मार्च, रात्री ९.०२

तिन्ही सारख्या. लाकडी, शाळेच्याच. मध्ये दवाखान्याच्या सिस्टर.


खाडीकाठ | ९ मे, रात्री १०.३०

झाला कार्यक्रम. उशिरा लिहितेय, कारण घरात चाकरमानी आणि फणस दोन्ही एकदमच आलेत.

हार नाहीत, शाली नाहीत. शाळेचा हॉल, पंखे चार, त्यातले चालू दोन. एकशे दहा जण आले. भाषणं ठेवलीच नव्हती. प्रत्येकानं उठून नाव, बॅच आणि सध्या काय करतो एवढंच सांगायचं. एसटीचा कंडक्टर, नर्स, आंब्याचा बागायतदार, पतपेढीची मॅनेजर, तुरुंगाधिकारी, दोन शिक्षिका, मासळीवाली. मासळीवालीनं सांगितलं, सिस्टर, मी नववीत शाळा सोडली. सिस्टर म्हणाल्या, माहितेय, मी दोनदा घरी आले होते, तुझा बाप भेटला नाही. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. यंत्रामुळं त्यांना सगळं ऐकू येत होतं आणि त्या प्रत्येकाला काहीतरी विचारत होत्या, त्यामुळं एक तासाचा कार्यक्रम साडेतीन तास चालला.

माझा भाऊ पुढं गेला तर दवाखान्याच्या सिस्टरनी त्याचं टक्कल निरखून बघितलं. "डोकं मोठं होतं तुझं. फार त्रास दिलास." त्यांचं तेवढंच भाषण. भाऊ खाली वाकला तो उठेना.

फादर बोलले दोन मिनिटं. म्हणाले, बायकांची पत्रं मी लिहायचो ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण नवऱ्यांची उत्तरं वाचूनही मीच दाखवायचो, आणि काही उत्तरं मी वाचताना बदलली. त्याचं पाप मी कबूल केलेलं आहे. हॉलमध्ये पहिल्यांदा शांतता, मग मागच्या रांगेतल्या एका आजी खोखो हसायला लागल्या. नंतर त्या फादरशी बराच वेळ कोपऱ्यात बोलत होत्या. काय ते विचारायची माझी छाती झाली नाही.

मी पट्टीचं सांगितलं. सगळ्यांसमोर नाही, जेवताना. सिस्टर घास हातात धरून ऐकत होत्या. "कॉपी तू केली नव्हतीस?" नाही म्हटलं. "मग दोन मार्क कापले असतील मी." कापले होते. त्या काही बोलल्या नाहीत. पुरणपोळीचा अर्धा तुकडा माझ्या पानात ठेवला.


कटू_कारलं | ९ मे, रात्री ११.१५

वाचलं. बरं केलंत सांगितलंत ते.


सुरंगी | १० मे, सकाळी ८.००

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा) वगैरे राहू दे, मानपत्राचा फोटो टाक आधी. कुणी लिहिलं होतं?


खाडीकाठ | १० मे, सकाळी ९.२०

आमच्या बॅचच्या एका वकिलानं. चांगलं दणदणीत. फ्रेम करून दिलं होतं. संध्याकाळी कॉन्व्हेंटात डबे परत आणायला गेले तर सिस्टरनी फ्रेमच्या मागचे खिळे काढून कागद टेबलावर पसरला होता. हातात लाल पेन.

'आशिर्वाद'ची शी दीर्घ केली होती. 'उज्वल'मध्ये राहिलेला ज घातला होता. 'दिपस्तंभ'चा दी, 'सहस्त्र'मधला त उडवलेला. आणि 'त्यागमूर्ती' या शब्दाखाली रेघ मारून समासात लिहिलं होतं: "कोण?"


चाकरमानी_७२ | १० मे, सकाळी ९.४०

मग? ठेवून घेतलं का शेवटी?


खाडीकाठ | १० मे, सकाळी ९.४४

छे. नीट लिहून परत आणायला सांगितलंय. दहा वेळा नको, एकदा चालेल म्हणाल्या.